यादीतला सदतिसावा

कुवेतमधल्या अहमदीतल्या मराठी माणसांत चंद्रहास बागूलांच्या अक्षराला फार मान होता. कोणाच्या मुलाच्या शाळेचा अर्ज असो, गणपतीच्या कार्यक्रमाची पत्रिका असो, नाहीतर मेलेल्या माणसाचं प्रेत गावी न्यायची परवानगी असो, कागद बागूलांकडे जायचा आणि सुबक होऊन परत यायचा. माणूस कसा आहे, असं कोणी विचारलंच तर लोक म्हणत, "अक्षर मोत्यासारखं आहे हो." आता यावरून काय समजायचं ते समजा.

मूळचे नाशिकचे, पंचवटीतले. १९७९ साली कुवेतला आले ते एका बांधकाम कंत्राटदाराकडे टाइमकीपर म्हणून. टाइमकीपर हे नाव मोठं, काम हजेरी मास्तरचं. अहमदीच्या बाहेर, तेल कंपनीच्या जुन्या बंगल्यांपासून लांब, वाळूत पत्र्याच्या खोल्यांचा कॅम्प होता. त्यात दोनशेएक माणूस. सुतार, गवंडी, प्लंबर. निम्मे कोकणातले आणि सगळे बायकापोरं गावाला ठेवून आलेले. सकाळी कामाच्या गाड्या सुटायच्या आधी बागूल मस्टर घेऊन मधल्या मोकळ्या जागेत उभे राहायचे आणि एकेक नंबर, एकेक नाव पुकारायचे. नियम ठरलेला. तीन हाका, मग फुली. चौथी हाक त्यांनी कधी कोणाला मारली नाही.

कोकणातल्या माणसांची एक रीत होती. एकाला ताप भरला तर शेजारच्या खाटेवरचा त्याच्या नावानं 'हजर' म्हणून मोकळा व्हायचा. यात कोणाला पाप वाटत नव्हतं. उलट न म्हणणारा तोच दगाबाज. बागूलांना मात्र ही रीत बघवत नसे. ८८ सालच्या थंडीत त्यांनी तुकाराम पाष्टेला पकडलं. हा गुहागरकडच्या वाडीतला प्लंबर, अंगानं किडकिडीत, आवाज असा की जवळ उभं राहून ऐकावा. मेसमधला आचारी कासम, दापोलीचा, तापानं फणफणला होता आणि त्याच्या नावाला तुकाराम 'हजर' म्हणाला. बागूलांनी दोघांनाही तीन तीन दिवस गैरहजर लावलं. वर तुकारामकडून मस्टरच्या मागल्या पानावर लिहून घेतलं, 'यापुढे मी दुसऱ्याच्या नावाने हजर म्हणणार नाही.' तुकारामनं जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढत सही केली. त्या महिन्यात बायकोला, गोदूबाईला, त्यानं पत्रातून कळवलं की साहेब लई कडक आहे, तीन हाका मारतो आणि मग फुली. हे पत्र गोदूबाईनं जपून ठेवलं होतं, पण ते पुढे.

नव्वदच्या दोन ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. कंपनीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, दुसऱ्या दिवशी सौदीला पळाला. माणसांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत आणि तिजोरीची किल्ली मुदीरच्या खिशात. बागूलांची बायको चारुशीला आणि आठ वर्षांची मुलगी क्षितिजा उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकला गेल्या होत्या, तेवढं बरं झालं. मागे राहिलेल्या दोनशे माणसांनी कोणाकडे बघायचं? ज्याच्या हातात मस्टर, त्याच्याकडे.

आणि खरं सांगायचं तर बागूलांनी पहिले दीड महिने कॅम्प सांभाळला. हे त्यांचं श्रेय आहे, ते काढून घ्यायचं कारण नाही. त्यांनी याद्या केल्या. खुबूसची यादी, म्हणजे कोणाला किती रोट्या. टाकीवरच्या पाण्याच्या पाळीची यादी. संडास धुण्याची यादी. आजारी माणसांची यादी. सगळ्या कार्बन घालून, दोन दोन प्रतींत. यादी होती म्हणून भांडणं झाली नाहीत आणि कोणी उपाशी राहिलं नाही. मग बसची यादी आली. जॉर्डनपर्यंत बस, तिथून विमानानं मुंबई. पासपोर्टच्या बदली प्रत्येकाला एकपानी प्रवासाचा दाखला मिळाला होता, त्यावर फोटो नव्हता, नुसतं नाव, बापाचं नाव आणि गाव. ते सगळे दाखले बागूलांच्या पिशवीत. चार बसगाड्या, प्रत्येकीत पन्नास नावं, यादीवर सैन्याचा शिक्का. शिक्का पडल्यावर एक अक्षर बदलायचं नाही आणि नाक्यावर पन्नासाच्या वर एक डोकं चालायचं नाही. बागूलांनी त्याला जोडून आपला एक नियम केला. ज्याचं नाव ज्या दिवसाच्या बसमध्ये, त्याचं नाव त्या दिवसापासून खुबूसच्या यादीतून खाली.

स्वतःचं नाव त्यांनी चौथ्या बसमध्ये घातलं, सगळ्यात शेवटी, पन्नासावं. यादी लिहिणाऱ्यानं शेवटी जायचं असतं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. माणसांना त्याचं फार वाटलं. कासमनं त्या दिवशी त्यांच्या ताटात एक खुबूस जास्त टाकली.

सतरा सप्टेंबरला तिसरी बस लागली. बागूलांना कामापुरती अरबी येत होती. ड्रायव्हर शिपायाशी बोलताना त्यांनी ऐकलं की यानंतर रस्ता बंद होणार, पुढच्या बसचं काही खरं नाही. हे कॅम्पात दुसऱ्या कोणाला कळलं नाही. बागूलांनी हातातल्या यादीवरून नजर फिरवली. मग त्यांनी हाक मारली, "तुकाराम, बसमध्ये पाण्याचा कॅन लागेल. मागच्या टाकीवरून भरून आण." मागची टाकी अर्धा मैल लांब होती. तुकाराम कॅन घेऊन गेला.

नावं पुकारायला विजयकुमार होता, स्टोअरमधला कारकून, आंध्रचा. शिपाई डोकी मोजत होता. छत्तीस झाले. "सदतीस, तुकाराम पाष्टे." कोणी बोललं नाही. "सदतीस." शिपायानं घड्याळाकडे बघितलं. विजयकुमारनं तिसरी हाक मारली आणि बागूल म्हणाले, "हजर."

अकरा वर्षं ज्यानं हा एक शब्द चोरणारे पकडले, त्यानं तो भर दिवसा, सगळ्यांच्या देखत चोरला. विजयकुमारनं वर बघितलं आणि बरोबरची खूण केली. बसमधल्या माणसांनीही बघितलं. पण ज्याला त्याला घरी जायचं होतं. बागूलांनी दाखल्यांची पिशवी विजयकुमारच्या हातात दिली, तुकारामचा दाखला तेवढा खिशात घातला, खिडकीशी बसले आणि अम्मानच्या तंबूत, विमानात, मुंबईच्या टेबलावर ते तुकाराम धोंडू पाष्टे म्हणून पुढे सरकत गेले. नाशिकला घरात पाऊल टाकलं तेव्हा पुन्हा चंद्रहास बागूल झाले. क्षितिजा धावत येऊन पायांना बिलगली आणि सुटेचना.

आणि चौथी बस गेली, बरं का. नऊ दिवसांनी, काही अडचण न येता, एकोणपन्नास माणसं आणि एक रिकामी जागा घेऊन.

पुढचं बागूलांना कळलं ते ९२ साली, कुवेत सुटल्यावर ते परत नोकरीला आले तेव्हा. अक्षर चांगलं, त्यांना कामाला काय तोटा? अहमदीतच एका नव्या कंपनीत हजेरीचं काम मिळालं. आणि एक दिवस कुवेत शहराजवळच्या राई नावाच्या भागात, गॅरेजांमधल्या एका खानावळीत ते जेवायला बसले, तर ताट घेऊन समोर कासम. कासम कॅम्पातून हललाच नव्हता, मागे एक तरी माणूस हवा म्हणून त्यानं बसच्या यादीत नाव दिलंच नव्हतं. त्यानं ताट ठेवलं, समोर बसला आणि न विचारता सांगायला लागला.

"कॅन भरून आला तो. बस गेलेली. विजयकुमार त्याला बोलला, चौथ्या बसला साहेबाचं नाव रिकामं हाय, दाखलापण हाय, तू हजर म्हण नि बस. मीपण बोललो. तर म्हणतो कसा, 'नाय रं कासम. मी साहेबाला लिवून दिलंय.' मी त्याला शिव्या घातल्या, साहेब. सकाळपासून घातल्या. नाय बसला तो."

बागूलांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"खुबूसच्या यादीतपण त्याचं नाव नव्हतं. विजयकुमार बोलला, कागदावर हा गेलेला हाय, गेलेल्या माणसाला खुबूस कशी देऊ? तुमचाच नियम तो. मी माझ्यातली अर्धी देत होतो. पण त्याच्याकडं दाखला नाय, बाहेर नाक्यावर जायची सोय नाय. थंडीत ताप आला. औषध कुठलं? जानेवारीत वरून बॉम्ब पडायला लागले, त्याच्या आठ दिवसांनी गेला. जाळायला लाकडं नव्हती. मी कॅम्पाच्या मागं खड्डा खणला. तुमच्यात काय म्हणतात ते मला येत न्हवतं, मी आपलं माझ्यातलं म्हटलं. तो कॅन भरलेलाच ठेवायचा शेवटपर्यंत. बस आली तर लागंल, म्हणून."

कागदावर मात्र तुकाराम पाष्टे सतरा सप्टेंबरच्या बसनं निघून सुखरूप मुंबईला पोचला होता. गुहागरच्या वाडीत तो पोचलाच नाही, मग गेला कुठं? लोकांची तोंडं कोण धरणार? मुंबईला उतरला आणि तिथंच दुसरी केली, हे वर्षभरात ठरून गेलं. गोदूबाई टाकलेली झाली. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. कपाळाला कुंकू लावून विहिरीवर गेली तर बायका विचारायच्या, "कोणासाठी लावतेस गं?" कासम ९३ साली सुट्टीत मुद्दाम त्या वाडीत जाऊन सगळं सांगून आला. पण गोदूबाईच्या दिरानं त्याच्यापुढे एक कागद टाकला. बागूलांचं पत्र. 'यादीप्रमाणे श्री. तुकाराम धोंडू पाष्टे हे दि. १७ सप्टेंबर १९९० रोजी बसने रवाना झाले व मुंबईस पोचले.' खाली सही, मोत्यासारख्या अक्षरात. सहीच्या कागदापुढे आचाऱ्याच्या तोंडाला कोण विचारतो?

गोदूबाई दर वर्षी बागूलांना एक पत्र धाडायची, कोणाकडून तरी लिहून. दर वर्षी एकच ओळ. 'भाऊ, ते कुठं उतरले तेवढं सांगा.' आणि दर वर्षी बागूल तेच उत्तर पाठवायचे. 'यादीप्रमाणे.' बारा पत्रं झाली. खोटं एकदा सुंदर अक्षरात लिहिलं की दुसऱ्यांदा लिहायला हात अडखळत नाही, हे त्यांनाच ठाऊक. मधल्या काळात क्षितिजा अहमदीत शिकली, मोठी झाली आणि लंडनला जुनी कागदपत्रं सांभाळायचं शिक्षण घ्यायला गेली. बाप कागदांचा, मुलगीही कागदांची, म्हणून चारुशीलाबाईंना कोण कौतुक.

२००४च्या मार्चमध्ये क्षितिजानं ऑफिसच्या ई-मेलवर काही पानं पाठवली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पोलंडमधल्या एका लहान गावातल्या ज्यू लोकांना भिंतीआड कोंडून ठेवलं होतं. अशा कोंडवाड्याला गेटो म्हणतात. आत कारभार चालवायला त्यांच्यातलेच कारकून नेमलेले. त्या कारकुनांच्या रोजच्या कागदांच्या या नकला. क्षितिजानं खाली अर्थ लिहिला होता आणि वर बापाला दोन ओळी. 'बाबा, भाषा मी बघते, पण रकाने मला कळत नाहीत. यू नो दीज थिंग्ज.'

बागूल खूश झाले. मुलीनं काहीतरी विचारलं याचा आनंद कोणाला होत नाही? त्यांनी पानं छापून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत चष्मा लावून बसले. बुटाला टाच लावून मिळावी म्हणून अर्ज. जिना झाडायच्या पाळीची यादी. कोळशाच्या पाटीची यादी. पावाची यादी, घरागणिक, खाणारी तोंडं किती. अक्षर काय होतं. परकी लिपी, पण आखलेल्या रेघा सरळ, बेरजा चोख, एक डाग नाही. बागूलांना तो माणूस ओळखीचा वाटायला लागला. त्या माणसांना भिंतीबाहेर न्यायचे ते मारायला आणि आपल्या माणसांना न्यायचे ते घरी, हा फरक काय थोडाथोडका नव्हता. ते त्यांना कळत होतं. पण पानं बाजूला ठेवता येईनात.

पावाच्या यादीत एका म्हाताऱ्याच्या नावापुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. क्षितिजानं विचारलं होतं, हा काय? बागूलांनी बाकीची पानं चाळली. मृत्यूच्या नोंदीत तोच म्हातारा अकरा दिवस आधी मेलेला. त्यांना लगेच उमगलं. कारकुनानं मेलेल्याला यादीत जिवंत ठेवला होता, त्याचा पाव घरातल्या पोरांना मिळावा म्हणून. ठिपका स्वतःच्या आठवणीसाठी. बागूलांनी पान उलटं ठेवलं. आपण तर जिवंत माणसाला यादीत मेल्यासारखा केला आणि त्याची खुबूस बंद केली, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना डबा उघडवेना.

संध्याकाळी क्षितिजाचा फोन आला. त्यांनी तिला ठिपक्याचं सांगितलं. ती हरखली. मग म्हणाली, "आणि शेवटचं पान बघितलंत? हँडरायटिंग बदललंय."

"बघितलं."

"गाडीत घालून न्यायच्या माणसांची यादी आहे ती. आणि आधीचा कारकून त्याच यादीत आहे, बाबा. त्याचा नंबर ओळीनं आलाय, खाडाखोड नाही. नंतरचं पान दुसऱ्यानं लिहिलंय. लेखणी त्याच्याच हातात होती ना? मग त्यानं दुसऱ्या कोणाचं नाव का नाही घातलं?"

बागूलांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. काय सांगणार होते? की बेटा, घालता येतं, मी घातलं आहे, तू आठ वर्षांची होतीस आणि माझ्या पायांना बिलगली होतीस? ते म्हणाले, "ठेवतो आता." आणि खरंच ठेवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढली. तिसऱ्या बसच्या यादीची कार्बन प्रत चौदा वर्षं तिच्यात होती. ती फाडायचं धाडसही त्यांना झालं नव्हतं. सदतीस नंबरापुढे त्यांनी लाल पेननं लिहिलं, 'या नावावर चंद्रहास बागूल गेला.' मग कोरा कागद घेऊन सगळं लिहून काढलं. ड्रायव्हरचं बोलणं, कॅन, तिसरी हाक, खुबूस, ताप, खड्डा. लिहिताना पहिल्यांदाच अक्षर वेडंवाकडं आलं. राईला जाऊन कासमला वाचून दाखवलं. कासम कायमचा गावी निघाला होता, पुढच्याच आठवड्यात. त्यानं साक्षीचा अंगठा उठवला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"चौदा वर्षं लागली, साहेब," तो म्हणाला.

दहा दिवसांनी ऑफिसात बागूलांचा मोबाइल वाजला. वाडीतल्या टेलिफोन बूथवरून कासम बोलत होता. सरपंचाच्या ओट्यावर, सगळ्यांना बसवून, कागद वाचून झाला होता. दीर उठून गेला. आता गोदूबाईला बोलायचं होतं. बागूल खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"भाऊ," आवाज कोरडा होता. "येकच इचारते. कॅन आणायला धाडलात, तवा तुमच्या मनात हुतं का?"

हा प्रश्न त्यांनी स्वतःला चौदा वर्षांत हजार वेळा विचारला होता आणि दर वेळी 'नाही' असं उत्तर देऊन झोपले होते.

"होतं," ते म्हणाले.

बागूलांना वाटलं आता शिव्या येतील, तळतळाट येईल, आणि आला असता तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"त्येंनी मला लिवलं हुतं," गोदूबाई म्हणाली. "साहेब तीन हाका मारतो. तुमी त्येंची हाक मारलीच न्हाय. दुसऱ्यानं मारली, तुमी ओ दिलीत. आता मारा. मी आयकते."

ऑफिसात चार माणसं होती. एकानं कीबोर्डवरचा हात थांबवला. बागूलांनी घसा साफ केला.

"सदतीस. तुकाराम धोंडू पाष्टे."

त्या बाईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ते नाव ती फोनला कान लावून ऐकत होती.

"आनि येकदा."

"सदतीस. तुकाराम धोंडू पाष्टे."

वाट बघण्याइतकी वाट बघून झाली. बागूलांनी स्वतःच तिसऱ्यांदा हाक मारली, मोठ्यानं, कॅम्पातल्या त्या मोकळ्या जागेत मारायचे तशी.

"तीन झाल्या," गोदूबाई म्हणाली. "मारा फुली. मला कुकू पुसायचंय."

तिनं फोन कासमकडे दिला आणि कासमनं तो बंद केला. बागूल उभेच होते. समोर आजचं मस्टर उघडं होतं, त्यात फुली मारायला तुकाराम पाष्टे नावाचा कोणी माणूस नव्हता.